वाणातले मासे

सुजाता,

काल तुझ्या पुण्यानुमोदनाला मला पहिल्या रांगेत बसवलं. मी मुद्दामच मागे, दाराजवळच्या खुर्चीवर टेकले होते. तुझ्या प्रज्ञानं पाहिलं, हाताला धरून पुढे आणलं आणि स्वतःच्या सख्ख्या मावशीला उठवून तिच्या जागी मला बसवलं. "मावशी, तुम्ही इथेच. आईच्या सगळ्यात जवळच्या तुम्हीच होतात," म्हणाली. तुझी बहीण कपाळाला आठी न घालता उठली. चहाचा पहिला कपही माझ्याच हातात आला. तो मला संपवता आला नाही.

त्रिशरण-पंचशील झालं. तू नोकरीला होतीस त्या शाळेतले लोक बोलले, एक शिपाई तर बोलता बोलता रडलाच. मग माइक हातात असलेले गृहस्थ म्हणाले, "कालकथित सुजाताताईंच्या मैत्रीण शुभांगीताई आता दोन शब्द बोलतील." मी उभी राहिले आणि म्हणाले की तू हसतमुख होतीस, कष्टाळू होतीस, तुला शिकायची फार हौस होती. कुठल्याही गेलेल्या बाईबद्दल हेच बोलतात. लोकांनी माना हलवल्या, मी खाली बसले. तू तिथं असतीस तर कोपरानं ढोसून म्हणाली असतीस, "पाठांतर छान आहे गं शुभे, पण प्रश्न काय होता?"

प्रश्न काय होता ते मला माहीत होतं. माझ्या मागच्या रांगेत आपल्या इमारतीतल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून ओळीनं बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं शेजारणीला हळूच विचारलेलं मी ऐकलं, "हीच ना गं ती मासेवाली?" आणि दुसरी म्हणाली, "हो, वाण परत मागायला आली होती ती." दोघींच्या आवाजात वाईट काही नव्हतं. मेलेल्या माणसाची ओळख पटवायला काहीतरी लागतंच. पण ते वाण माझं होतं आणि परत मागायला मी जायला हवं होतं. मागे वळून एवढं वाक्य बोलायला मला कोणी अडवलं नव्हतं. मी पुढे बघत राहिले.

म्हणून हे लिहितेय. तू वाचणार नाहीस हे मला कळतं. आपण दोघींनी मिळूनच ते प्रकरण पाठ केलं होतं, सजीव मेल्यावर त्याचं काय काय होतं आणि नायट्रोजन कुठून कुठं जातो. तू तेव्हा म्हणाली होतीस, "बघ, कुठल्या जन्मीचं काही नाही, सरळ वांग्याच्या रोपात." मी तुला गप्प बसवलं होतं. असलं अभद्र बोलू नये, असं मला घरी शिकवलेलं.

आपण दोघी पन्नाशीला आलेल्या बाया जीवशास्त्र शिकायला का गेलो, हे मला अजूनही कोणी विचारलं तर सांगता येत नाही. तुझं कारण सरळ होतं. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत राहून तू अकरावी सायन्सला गेली होतीस, बेडकाचं चित्र काढून शेरा मिळवला होतास, आणि वडील गेले तशी कॉलेज सोडून नोकरीला लागलीस. ते अर्धं राहिलेलं तुला पुरं करायचं होतं. मला काहीच पुरं करायचं नव्हतं. मुलगा बंगळुरूला गेला होता, मालाडच्या औषधवाल्याकडचे हिशेब मी दुपारपर्यंत उरकत होते आणि संध्याकाळी मालिका बघून डोकं बधिर होत होतं. तू तिसऱ्या मजल्यावरून पाचव्या मजल्यावर आलीस, मुक्त विद्यापीठाचं माहितीपत्रक माझ्या ओट्यावर ठेवलंस आणि म्हणालीस, "रविवारी सकाळी क्लास असतो. एकटीला जायला कंटाळा येतो, चल." मी म्हटलं, माझं कॉमर्स. तू म्हणालीस, "म्हणजे तुला माहितीच नाही, सोपं आहे मग. माझ्यासारखं जुनं पुसावं लागणार नाही."

सर आपल्या मुलांच्या वयाचे होते. पहिल्या तासाला त्यांनी आपल्याला 'मॅडम' म्हटलं, दुसऱ्या तासाला तू त्यांना डब्यातली शेंगदाण्याची चटणी दिलीस, तिसऱ्यापासून ते 'काकी' म्हणू लागले. वर्गात आपण दोघीच उत्तर देणाऱ्या. मी बरोबर उत्तर द्यायची आणि तू चुकीचं. तू फार चुकायचीस, सुजाता. पेशीतल्या भागांची नावं तुला शेवटपर्यंत नीट आली नाहीत. पण चुकलीस की मोठ्यांदा म्हणायचीस, "चुकलं सर, पुन्हा सांगा." मी चुकण्याची शक्यता वाटली की तोंडच उघडायची नाही. वहीत माझे गुण नेहमी तुझ्यापेक्षा जास्त असायचे.

पाण्याच्या गढूळपणाचा तो प्रयोग आठवतो? सरांनी सांगितलं होतं, पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होईपर्यंत दोरी मोजायची. तबकडी कुठून आणणार? तू घरून स्टीलची ताटली आणलीस आणि आपण इमारतीमागच्या नाल्याच्या पुलावर उभ्या राहिलो. ताटली पाण्याला टेकली न टेकली तोच दिसेनाशी झाली. दोरी मोजण्यासारखी भिजलीच नव्हती. तू म्हणालीस, हे काही खरं नाही, पुन्हा टाकू. तेवढ्यात एक भाजीवाला थांबला. "क्या गिरा, भाभी? अंगूठी?" मग एक रिक्षावाला, मग दोन कॉलेजची पोरं. कोणी म्हणालं कानातलं पडलं, कोणी म्हणालं मंगळसूत्र. एक पोरगा तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खाली उतरायला निघाला. मी ओढणीनं तोंड झाकून घेतलं आणि तुला म्हणत राहिले, चल ना, चल ना, ओळखीचं कोणी बघेल. तू मात्र त्या सगळ्यांना गोळा करून सांगू लागलीस, पाण्यात उजेड शिरला नाही तर खाली काय जगणार, ही नदी आहे, वर जंगलात काचेसारखी असते, तबेल्यांपासून खाली हिची वाट लागते. रिक्षावाला म्हणाला, "ही नदी आहे? कसं शक्य आहे ताई, नाला आहे हा." तू त्याला म्हणालीस, "नाला आपण केला, ती नदीच होती." तो बराच वेळ पुलावरून खाली बघत उभा होता. मी तोपर्यंत गल्लीच्या टोकाला पोचले होते.

त्याच्या पुढच्या रविवारी आपण वर गेलो, राष्ट्रीय उद्यानातल्या ओढ्यावर. तिथं ताटली तळाशी टेकली तरी लख्ख दिसत होती. दगडाला चिकटून बसणारे बोटभर मासे होते आणि चपला काढून आपण दोघी पाण्यात पाय सोडून बसलो, तर ते येऊन पायाला तोंड लावायला लागले. तू लहान पोरीसारखी खिदळत होतीस. म्हणालीस, "शुभे, हेच पाणी आपल्या खिडकीखालून जातं." मला ते तोपर्यंत खरंच सुचलं नव्हतं. त्या दिवसासाठी मी तुझी ऋणी आहे, हे तुला सांगायचं राहिलं, तेही इथंच सांगते.

आता जानेवारीचं सांगते. तुला सगळं माहीत आहे, पण एकदा माझ्या तोंडून ऐक.

पावसाळ्यात इमारतीत डेंग्यू झाला होता, म्हणून पालिकेच्या माणसांनी बागेतल्या हौदात गप्पी मासे सोडले होते. त्यातले थोडे तू आणलेस आणि गच्चीवरच्या ड्रममध्ये वाढवलेस, प्रात्यक्षिकासाठी. ते अंडी घालत नाहीत, सरळ पिल्लं देतात, हे पाहून तुला केवढं कौतुक वाटलं होतं! ड्रम भरून गेला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यंदा माझी पाळी होती आणि प्लास्टिकचे डबे वाटून वाटून सगळ्यांना वीट आला होता. मला सुचलं, वाण म्हणून मासे द्यावेत. काचेच्या बरणीत मासे, त्यात मनीप्लांटची फांदी, बरणीच्या गळ्याला लाल दोरा. डास जातील आणि घरात शोभाही राहील. मला वाटलं, याला म्हणतात शिक्षण सार्थकी लावणं. तुला सांगितलं तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास. आठवडाभर आपण कॉफीच्या आणि लोणच्याच्या बरण्या गोळा करून उकळत्या पाण्यानं धूत होतो, तुझ्या मिस्टरांनी झाकणांना भोकं पाडली.

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी तू त्या बरण्या पाटीत घालून वर आणल्यास. नवी हिरवी साडी नेसली होतीस. एकेक बरणी तू माझ्या ओट्यावर मांडलीस, पाणी हिंदकळलं होतं ते पुसलंस. बाहेर बायका यायला लागल्या होत्या. तू पदर नीट केलास आणि माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणाले, "तुला कंटाळा येईल गं इथं."

तू हसलीस. "हो, अभ्यासही पडलाय," म्हणालीस आणि मागच्या जिन्यानं खाली गेलीस.

सुजाता, माझ्या घरात तुला मज्जाव कधीच नव्हता. माझ्या ओट्यावर तू भाकऱ्या थापल्या आहेस, तुझ्या हातचा ठेचा खाऊन मी नाक पुसत तुला शिव्या घातल्या आहेत. गिरणगावातून आलेल्या घरातली मी, आमच्यात असलं काही मानत नाहीत, हे मी कितीदा अभिमानानं सांगितलं असेल. अडचण स्वयंपाकघराची नव्हती. अडचण बाहेरच्या खोलीची होती, तीही एका संध्याकाळपुरती, त्या दहा-बारा जणींसमोर. आम्ही आमंत्रण करायला निघायचो तेव्हा दरवर्षी तुझं दार सोडून पुढे जायचो. कोणी ठरवलं नव्हतं. 'त्यांच्यात नसतं' असं कोणीतरी कधीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते सोयीचं होतं. मलाही होतं.

बायकांनी वाणाचं फार कौतुक केलं. फोटो काढले. कल्पना कोणाची विचारलं, मी माझी म्हणाले, तेही खरंच होतं. मासे कोणी वाढवले ते कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारचा धडा नेमका त्याच विषयावर यावा! बाहेरून आणून सोडलेल्या जाती. सरांनी फळ्यावर पहिलंच नाव गप्पीचं लिहिलं. हा मासा इथला नाही, बंद हौदात ठीक आहे, पण वाहत्या पाण्यात गेला की आटोपत नाही, घाणीतही टिकतो, इथल्या माशांची पिल्लं आणि अंडी खातो. आपण दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तू लगेच हात वर केलास, "सर, आम्ही वाटले." सरांना आधी हसू आलं. मग म्हणाले, "काकी, घरातच राहिले तर काही बिघडत नाही. कोणी ओढ्यात सोडू नका म्हणजे झालं."

पण जिवंत वाण घरात किती दिवस ठेवणार? आठवडा झाला तसा बरण्यांना वास यायला लागला. वाण केरात टाकता येत नाही, मासे मारता येत नाहीत. मग कोणालातरी पुण्याची कल्पना सुचली. इमारतीच्या ग्रुपवर आलं, महाशिवरात्रीला सगळ्यांनी मिळून जाऊ आणि वरच्या ओढ्यात विधिवत सोडू, माशांनाही मोकळीक आणि आपल्यालाही समाधान. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. तो तोच ओढा होता, जिथं आपल्या पायाला ते बोटभर मासे चिकटले होते.

तू धावत वर आलीस. "शुभे, आज सगळ्यांकडून परत घेऊन येऊ."

"दिलेलं वाण परत मागतं का कोणी?" मी म्हणाले. "ग्रुपवर लिहिते."

"लिहून कोणी ऐकत नाही. उलट वाद घालत बसतील. दार वाजव, सांग चुकलं आमचं, बरणी घे. पाच मिनिटांचं काम आहे एकेका घरी."

मी म्हणाले, उद्या बघू. मग म्हणाले, संध्याकाळी बघू. ग्रुपवर लिहायला घेतलं आणि तीनदा पुसलं. मला त्या बायकांचे चेहरे दिसत होते. हौसेनं नवं काहीतरी करायला गेली आणि तोंडावर पडली, असं म्हणतील. वाण परत मागणारी म्हणून वर्षानुवर्षं नाव ठेवतील. शेवटी तू माझ्याच बाथरूममधली लाल बादली उचललीस आणि म्हणालीस, "मग मी जाते."

मी तुला थांबवलं नाही. मी स्वयंपाकघरात बसून गवार निवडत राहिले. आपल्या इमारतीच्या डक्टमधून सगळं ऐकू येतं, तुला माहीत आहे. चौथ्या मजल्यावरची बेल वाजली. दुसरी वाजली. "तुम्ही? हां, बोला," असं कोणीतरी म्हणालं. एका दारात तू बराच वेळ उभी होतीस. जाळीच्या दरवाजाची कडी वाजली नाही, म्हणजे तो उघडलाच नव्हता. आतून बाई विचारत होती, "पण वाण शुभांगीचं, मग तुम्ही कोण?" तू काय उत्तर दिलंस ते ऐकू आलं नाही. तू हळू आवाजात बोलत होतीस. नंतर पाणी बादलीत ओतल्याचा आवाज आला. म्हणजे बरणीसुद्धा तुझ्या हातात दिली नाही तिनं, जाळी किलकिली करून वरूनच ओतलं असावं. हे मी ऐकलं आणि पुढची शेंग उचलली.

ज्या दारांतून तुला आजवर कोणी हळदीकुंकवाला या म्हणालं नव्हतं, त्या दारांत तू माझ्या वतीनं चूक कबूल करत उभी होतीस. लाज या शब्दाचा अर्थ मला त्या दुपारी कळला आणि तरी मी जागची उठले नाही. हे मला काल सगळ्यांसमोर बोलायचं होतं.

तू परत आलीस तेव्हा बादली जड झाली होती. "एक राहिली," म्हणालीस. "तळमजल्यावरच्या सावंतकाकूंची. ती तू आण."

मग आपलं भांडण झालं, तेच एक खरं भांडण. खरं तर मीच आधी चिडले, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. मी म्हणाले, सगळे लोक एकदम बदलत नाहीत, वेळ लागतो, तूच वाचलंयस ना, उत्क्रांती हळूहळू होते. तुझा चेहरा एकदम बदलला. तू कधी आवाज चढवायची नाहीस, तेव्हाही चढवला नाहीस.

"उत्क्रांतीच्या नावावर खपवू नको, शुभे. हळू बदलतं ते माशाचं. त्याला ठरवता येत नाही म्हणून पिढ्या लागतात. तुला आज संध्याकाळी ठरवता येतं."

"तुला बोलायला काय जातं? तुला कुठं या बायकांत राहायचंय?"

हे मी बोलले. तुझ्याच इमारतीत, तुला.

तू बादली उचललीस. दारात थांबून म्हणालीस, "बोलावलं असतंस ना, तर कुंकू नसतं लावलं मी. पण तीळगूळ खाल्ला असता, आणि माझे मासे माझ्या हातानं दिले असते." मग गेलीस. मासे तू गच्चीवरच्या ड्रममध्ये सोडलेस आणि ड्रमला जाळी बांधलीस.

चार दिवसांनी रविवारी तू खाली गेटवर माझी वाट बघत उभी होतीस, नेहमीसारखी, पाण्याची बाटली आणि वही घेऊन. आपण क्लासला गेलो. परीक्षा दिली. तुला माझ्यापेक्षा कमी गुण मिळाले आणि तू पेढे वाटलेस. गोराईला खाडीच्या कडेनं तिवरांची श्वास घेणारी मुळं पाहायला गेलो, तिथं तू चिखलात रुतलीस आणि दोन कोळणींनी तुला ओढून काढलं. सगळं पहिल्यासारखं चाललं होतं. फक्त मधूनच, भाजी निवडताना, पुस्तकाचं पान उलटताना, तू म्हणायचीस, "काकूंकडे जाऊन ये गं." आणि मी म्हणायची, जाते. मला वाटायचं, काकूंनी तुला बरणी द्यायला नकार दिला असणार. काकू तोंडाच्या फटकळ, मालवणीत कोणालाही काहीही बोलतात. त्या मलाही दारात उभं करून बोलतील, अशी मला भीती होती. त्यामुळे येता-जाता मी तळमजल्यावर पाऊल वाजू न देता जायला शिकले. सहा महिने गेले.

मग गेल्या मंगळवारी शाळेत तू डोकं फार दुखतंय म्हणालीस आणि टेबलावरच मान टाकलीस. प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी हिशेब जुळवत होते. हॉस्पिटलात पोचले तोवर संपलं होतं. मला तुझी माफी मागायची होती. कधी मागायची ते ठरवत होते.

आज सकाळी मी सावंतकाकूंची बेल वाजवली.

त्यांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी म्हणाले, "काकू, माझं चुकलं होतं. माझं वाण परत न्यायला आलेय." एवढंच वाक्य होतं. बोलून झालं तरी इमारत जागच्या जागी होती.

"इलंस?" काकू म्हणाल्या. "ये, बस."

मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. म्हणून मीच आधी बोलले, "तेव्हा सुजाताला तुम्ही नाही म्हणालात ना?"

"मी कित्याक नाय म्हणतलंय? मी बरणी हाताक देत होतंय तिच्या. तिनाच घेवक नाय." काकू मोरीकडे वळल्या. "म्हणाली, काकी, ही येक तुमच्याकडे ऱ्हवांदे. शुभांगी येतली. माका म्हणाली, मी सगळ्यो न्हेलंय तर तिका येवक दारच उरूचा नाय."

मी त्यांच्या मागोमाग मोरीपर्यंत गेले.

"मी विचारलंय, आणि नाय इली तर? तर म्हणाली, येतली ती, उशीर करतली पण येतली. जाता येता विचारी, इली काय गो काकी? परवाच्या सोमवारीय विचारल्यान."

काकूंनी मोरीतल्या टबावरची फळी बाजूला केली. मला वाटलं होतं दोन मासे असतील, नाहीतर मेलेलेच असतील. टब काळा झाला होता माशांनी. मोठे, मधले, आणि कडेकडेनं टाचणीच्या डोक्याएवढे डोळे असलेली पिल्लं. फळीची सावली सरली तसे सगळे एकदम वर आले.

"पोरांक पोरां झाली," काकू म्हणाल्या. "मी खावक घालून घालून थकलंय. आता इतक्यो बरण्यो खंयसून आणतलंस तू?"

मी मोरीच्या कठड्यावर बसले आणि रडले, सुजाता. काल रडले नव्हते. काकू पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, मग आत जाऊन त्यांनी एक रिकामी बादली आणली आणि माझ्यासमोर ठेवली. तू सोमवारीही विचारलं होतंस. मंगळवारी तू गेलीस. मी सोमवारी संध्याकाळी त्याच दारावरून गेले होते, चपला हातात घेऊन.